मशीन चालू है ना?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी कविता लिहिणारा माणूस. हृदयावर बोला, असं मला सांगितलं तेव्हा संयोजकांना वाटलं असेल, हा प्रेमाबिमाबद्दल काहीतरी सांगेल. पण आज मी खऱ्या हृदयाबद्दल बोलणार आहे, आणि त्याला ठोका देणाऱ्या एका छोट्या यंत्राबद्दल. त्याला पेसमेकर म्हणतात. मी डॉक्टर नाही. नुसता बी. ए. आहे, तेही मराठी घेऊन. या बी. ए.चा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर मिरजेचं. मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध, दवाखाने आणि तंतुवाद्यं. माझे चाचा तंबोरे करायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे आणि आमच्या गल्लीत त्यांचे तंबोरे व्हायचे. २००६ साली चाचा चौसष्ट वर्षांचे होते. कामावर बसल्या बसल्या त्यांना भोवळ येऊ लागली. दवाखान्यात नेलं तर नाडीचे ठोके मिनिटाला अडतीस. डॉक्टर म्हणाले, "हार्ट ब्लॉक आहे."

आम्हाला वाटलं, रक्तवाहिनीत अडथळा आला, आता अँजिओप्लास्टी. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात ठोक्याची सूचना तयार होते, ती विजेच्या बारीक लहरीसारखी खालच्या कप्प्यांपर्यंत जाते. चाचांच्या हृदयात ही वाट मध्येच बंद पडली होती. रक्ताची नळी तुंबणं वेगळं आणि हे वेगळं. यावर उपाय पेसमेकर. खांद्याखाली, कातडीच्या आत एक चपटी डबी बसवायची. त्यात बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक मंडल. तिथून शिरेतून एक किंवा दोन वायरी हृदयात सोडायच्या. हृदयाने ठोका चुकवला की यंत्र तो देतं.

यंत्र बसलं. चाचा तिसऱ्या दिवशी घरी आले. सोबत एक इंग्रजी पुस्तिका आणि खिशात मावेल असं एक कार्ड दिलं होतं. चाची म्हणाल्या, "हा शिकलेला आहे, याच्याकडे द्या." घरात बी. ए. झालेला मी एकटाच. मी ते दोन्ही घेतलं आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिलं.

पहिल्या वर्षी आम्ही दोनदा तपासणीला गेलो. छातीवर एक चकती धरायची, पडद्यावर आकडे यायचे, पंधरा-वीस मिनिटांत काम व्हायचं. ना सुई, ना दुखणं. नंतर जाणं सुटलं. चाचांना बरं वाटत होतं. मी आठवण केली की ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "मशीन चालू है ना? बस हुआ." पुढे मीही आठवण करणं सोडलं.

२०१५ उजाडलं. चाचा लवकर थकू लागले. जिना चढताना थांबायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. कुणी म्हणालं, शुगर असेल. एका शुक्रवारी नमाजहून आल्यावर ते कामाला बसले आणि तिथेच कोसळले.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, पेसमेकर कुठल्या कंपनीचा? कार्ड कुठे आहे? मला उत्तर देता येईना. तेव्हा मला कळलं, की एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या तपासणी-यंत्राला वाचता येत नाही. डॉक्टरांनी मांडीतल्या शिरेतून तात्पुरती वायर घालून चाचांचं हृदय बाहेरच्या यंत्रावर चालू ठेवलं. मी घरी पळालो. कपाट उपसलं. कवितासंग्रहांच्या मागे ते कार्ड सापडलं, कोरं करकरीत.

कंपनीचा माणूस आला. त्याने चकती धरली आणि यंत्रातली नोंद वाचली. बॅटरी संपत आल्याची खूण साडेतीन महिन्यांपूर्वीच नोंदली गेली होती. हे यंत्र एकाएकी बंद पडत नाही. साधारण तीन महिने आधी ते 'मला बदला' अशी खूण करतं. मग बॅटरी पुरवण्यासाठी काटकसर सुरू करतं. वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ राखणं सोडतं आणि नुसते एका ठरलेल्या गतीने ठोके देत राहतं. चाचांचा थकवा तोच होता. यंत्राने वेळेवर कळवलं होतं. ते वाचायला आम्ही गेलो नव्हतो.

चाचा वाचले. नवी डबी बसली, जुन्या वायरी चांगल्या होत्या म्हणून त्याच ठेवल्या. शुद्धीवर आल्यावर चाचा मला म्हणाले, "गिऱ्हाइकाला मी काय सांगतो? तंबोरा नेला म्हणजे संपलं नाही. तारेने घोडी घासते, स्वर बसतो, जवारी काढायला आणत जा. आणि मी स्वतः नऊ वर्षांत एकदा तरी गेलो का?" ते स्वतःला बोल लावत होते. कार्ड कुणाच्या कपाटात होतं, हे ते बोलले नाहीत. ते त्यांनी शेवटपर्यंत कधीच काढलं नाही.

त्यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला बसवला गेला. इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट यांनी तो बनवला आणि सर्जन ओके सेनिंग यांनी बसवला. बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात तो ओतला होता. रुग्णाचं नाव आर्ने लार्सन, वय ४३. पत्नीने या दोघांच्या मागे लागून त्यांना तयार केलं होतं. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन पुढे २००१पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन गेले. यंत्र बनवणारा आणि बसवणारा, दोघेही त्यांच्या आधी गेले. या त्रेचाळीस वर्षांत लार्सन यांना एकूण सव्वीस यंत्रं लागली. एका यंत्राने त्यांना जगवलं, असं म्हणता येत नाही. बिघाड वेळेवर ओळखला गेला आणि यंत्र बदललं गेलं, असं पुन्हा पुन्हा घडलं, म्हणून ते जगले.

आजची यंत्रं त्या डबीपेक्षा कितीतरी भरवशाची आहेत. पण माणसाने केलेल्या वस्तूत खोट राहू शकते, आणि ती लपवलीही जाऊ शकते. २००५च्या मार्चमध्ये अमेरिकेत एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी गेला. त्याच्या छातीत पेसमेकरचा मोठा भाऊ म्हणावा असं यंत्र होतं, डिफिब्रिलेटर. हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर ते आतून झटका देऊन तिला ताळ्यावर आणतं. ऐन वेळी त्या यंत्रात शॉर्टसर्किट झालं. गाइडंट या कंपनीला हा दोष आधीपासून ठाऊक होता. २००२मध्ये तिने नवी यंत्रं बनवण्याच्या पद्धतीत बदलही केला होता. पण ज्यांच्या छातीत जुनी यंत्रं होती, त्यांच्या डॉक्टरांना काही कळवलं नव्हतं. त्या मुलाचे डॉक्टर बॅरी मॅरन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हाउझर यांनी कंपनीला सांगून पाहिलं, सगळ्यांना कळवा. कंपनी ऐकेना, तेव्हा गोष्ट वर्तमानपत्रात गेली. मग यंत्रं परत बोलावली गेली. २०११मध्ये त्या कंपनीला न्यायालयाने सुमारे २९ कोटी ६० लाख डॉलरचा दंड केला.

दुसरी गोष्ट २००७च्या ऑक्टोबरमधली. मेडट्रॉनिक कंपनीने 'स्प्रिंट फिडेलिस' नावाच्या डिफिब्रिलेटरच्या वायरी विकणं थांबवलं, कारण त्या बारीक वायरी आतल्या आत तुटत होत्या. जगभरात अशा सुमारे दोन लाख अडुसष्ट हजार वायरी बसवलेल्या होत्या. मग त्या सगळ्या काढल्या का? नाही. शिरेत आणि हृदयात रुतलेली वायर ओढून काढण्यातही जिवाला धोका असतो. बहुतेकांना सांगितलं गेलं, वायर राहू द्या, मात्र तपासणी चुकवू नका. यंत्राच्या सेटिंगमध्ये बदल केला, की वायर तुटू लागल्याचा इशारा आधी मिळतो. म्हणजे आपल्या यंत्राबद्दल अशी बातमी आली तर हातपाय गाळायचे नाहीत, कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जायचं. यंत्रातून बिघाडाची अशी तक्रार उद्भवलीच तर ती नोंदवायची सोय आपल्या देशातही आहे. 'मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम' असं त्या योजनेचं बोजड नाव. जुलै २०१५पासून ती चालू आहे. डॉक्टरांनी तर नोंद करावीच, रुग्णालाही करता येते.

आता चार कामाच्या गोष्टी. यंत्र बसवल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक तपासणी हवीच. नंतर पेसमेकरवाल्यांनी सहा महिन्यांनी ते वर्षाने, डिफिब्रिलेटरवाल्यांनी तीन ते सहा महिन्यांनी जावं. बॅटरी उतरणीला लागली की त्याहून लवकर. डॉक्टर सांगतील ती तारीख खरी. नाडी मोजून किंवा ई.सी.जी. काढून ही तपासणी होत नाही. बॅटरी किती उरली, वायर शाबूत आहे का, हृदयाला जागं करायला किती वीज लागते, मधल्या काळात लय कधी बिघडली, हे ते यंत्रच वाचून कळतं. काही नव्या यंत्रांची माहिती घरबसल्या डॉक्टरांपर्यंत जाते, पण ती सोय जोडलेली आहे ना, हे विचारून घ्यावं. मोबाइल छातीवरच्या खिशात नको, यंत्रापासून वीतभर लांब बरा. एम.आर.आय.च्या आधी कार्ड दाखवायचं. पुन्हा भोवळ आली, धाप लागली, डबीवरची कातडी लाल झाली किंवा सुजली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. आणि कार्ड खिशात ठेवायचं, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये.

चाचा २०१९मध्ये गेले. पेसमेकरने दगा दिला नाही, मूत्रपिंडांचा आजार निमित्त झाला. मयतीला आंघोळ घालताना त्यांच्या खांद्याखाली तो चपटा उंचवटा माझ्या हाताला लागला. दहन करायचं असेल तर हे यंत्र आधी काढावं लागतं, आगीत बॅटरी फुटते. दफनात तो धोका नाही. आम्ही त्यांना तसंच मातीत ठेवलं. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं, की माणूस गेला तरी पेसमेकरला ते कळत नाही. बॅटरी असेपर्यंत तो ठोका देत राहतो. हे ऐकलं त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर बरीच वर्षं कब्रस्तानावरून जाताना माझी पावलं आपोआप हळू व्हायची.

आता गल्लीतल्या तिघांच्या पेसमेकरच्या तारखा माझ्या डायरीत आहेत. आदल्या दिवशी मी त्यांना फोन करतो. त्यातला एक जण दर वेळी म्हणतो, "अहो, मला काही त्रास नाही." मी म्हणतो, "म्हणूनच चला." आणि रिक्षा घेऊन त्याच्या दारात जातो.

तुमच्या घरात, शेजारात कुणाच्या छातीत असं यंत्र असेल. आज त्यांना एवढंच विचारा, शेवटची तपासणी कधी झाली? आणि कार्ड कुठे आहे? उत्तर आलं नाही, तर उद्या सोमवार आहे. दवाखाना उघडा असतो.