पंप रूमजवळची पद्मिनी

पंप रूमजवळ तीन वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी माझी. “हे भंगार कधी हलवणार?” असा विषय वार्षिक सभेत दोनदा निघाला!

बाबांची प्रीमियर पद्मिनी ती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. इंजिन सोपं निघालं. पिस्टन रिंगा बदलल्या, कार्बोरेटर साफ केला, झालं. खरं दुखणं मॅटखाली. मॅट उचललं तर पार्किंगची फरशी दिसली! गंजका पत्रा कापून नवा वेल्ड करण्यात दोन पावसाळे गेले. ग्राइंडरने ज्यांची दुपारची झोप मोडली, त्यांची जाहीर माफी.

मुलगा म्हणाला, नवं इंजिन टाकू. त्याला आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नोंद लागते, ते एक. पण बाबांची गाडी गेटात शिरली, की आई आवाजावरूनच चहा टाकायची. तो आवाज कसा बदलू? परवा गाडी सुरू केली, तेव्हा आई न बोलवता गॅलरीत आली.

बदल फक्त सीटबेल्ट आणि हेडलाइटचे. ब्रेक अजून चारही चाकांना ड्रमचेच, तेव्हा मुलांनो, गेटापाशी क्रिकेट जरा जपून!