चामखीळ : लपवू नका, जाळू नका

(तुर्भे येथे महिला गटांच्या आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज इथे मार्केटात कांदा निवडणाऱ्या आहेत, वाशी-नेरूळला घरकामाला जाणाऱ्या आहेत, बचत गटाच्या ताई आहेत. मी डॉक्टर नाही, निवृत्त नर्स आहे. आपला विषय साधा आहे : अंगावर उगवणाऱ्या चामखिळी, मस, गाठी. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय? म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

मी १९ वर्षांची असताना मला बघायला पाहुणे यायचे होते. मानेवर दोन-तीन चामखिळी लोंबत होत्या आणि मान काळपट दिसायची. शेजारणीने सांगितलं म्हणून आईने चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. रात्रभर आगआग झाली. चामखिळी गळाल्या, पण रुपयाएवढा डाग राहिला तो आजही आहे. काळेपणा जावा म्हणून रोज वजरीने मान घासत होते. तो गेला नाही, कारण तो मळ नव्हताच. ३८व्या वर्षी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं, तेव्हा साखर निघाली. आम्हा सगळ्यांना त्या मानेत व्यंग दिसलं, आजाराची खूण कुणालाच दिसली नाही. नर्स असून मलाही नाही!

आता ओळख करून घेऊ. आपण सगळ्यांनाच चामखीळ म्हणतो, पण प्रकार वेगळे आहेत.

मान, काख, स्तनांखाली, जिथे कातडी घासते तिथे मऊ, देठावर लोंबणारी असते ती निरुपद्रवी. ती कुणाला लागत नाही. वजन वाढलं, दिवस गेले, साखर वाढली की या जास्त येतात. मंगळसूत्रात अडकून दुखतात, तेवढाच त्रास.

हातापायांवर खरखरीत, फुलकोबीसारखी असते ती विषाणूमुळे होते. खाजवल्याने, एकच टॉवेल किंवा ब्लेड वापरल्याने पसरते. मुलांची पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाते.

गालांवरचे बारीक काळे ठिपके, वय झालेल्यांच्या पाठीवरचे चिकटवल्यासारखे तपकिरी उंचवटे हे बहुधा घराण्यातून आणि वयाने येतात. कातडीखाली मऊ, बोटाने सरकणारी गाठ बहुतेक वेळा चरबीची असते. मात्र स्तनात गाठ लागली तर तिला चरबीची समजून बसू नका, तपासाच.

अजून एक, जे आपण बोलतच नाही. लघवीच्या जागी आलेली चामखीळ. तीही विषाणूचीच, संबंधातून येते. म्हणजे ती बाई वाईट चालीची असं नाही, नवऱ्याकडूनही येते. तिला घरचं औषध लावू नका. दोघांनीही डॉक्टरला दाखवायचं.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे त्रास नसेल तर काहीच न करणं. काढायचीच असेल तर त्वचेचे डॉक्टर जागा बधिर करून कात्रीने छाटतात, विजेच्या सुईने जाळतात किंवा थंड द्रवाने गोठवतात. हातापायांच्या खरखरीत चामखिळीला सॅलिसिलिक आम्लाचं औषध चालतं. चेहऱ्यावर आणि गुप्तांगावर ते लावायचं नाही. साखर असलेल्या बाईने पायावर कुठलंही औषध विचारल्याशिवाय लावू नये.

घोड्याचा केस बांधणं, अगरबत्तीचा चटका, बिब्बा, चुना-सोडा हे सगळं बंद. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, काळे व्रण राहतात. लग्नसराईत कुणी एकाच सुईने दहा जणींच्या चामखिळी जाळून देत असेल तर तिथे बसू नका. रक्तातून काविळीसारखे आजार येतात.

धोक्याच्या खुणा लक्षात ठेवा : तीळ किंवा मस अचानक वाढणं, रंग किंवा कडा बदलणं, आपोआप रक्त येणं, महिनाभर न भरणारी जखम, तळव्यावर किंवा नखाखाली नवा काळा डाग. यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता डॉक्टरकडे. काढलेला तुकडा तपासायला पाठवाल ना, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आणि मानेवर मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल, सोबत चामखिळी असतील, तर उपाशीपोटी साखर तपासा. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेह पक्का करतात. १०० ते १२५ म्हणजे सावध होण्याची वेळ. पाळी अनियमित असलेल्या मुलींच्या मानेकडेही लक्ष द्या. प्रत्येकीला मधुमेह असेलच असं नाही, पण तपासल्याशिवाय कळणार कसं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही भारतीयांचा अंदाज दहा कोटींच्या वर निघाला.

तिशीनंतर प्रत्येकीचा रक्तदाब, साखर, आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. ती मागायला एकटीने जायला संकोच वाटतो, म्हणून गटाने जायचं. नवऱ्याचा डबा, मुलांची शाळा, सासूचं औषध झाल्यावर आपला नंबर, हे पुरे झालं.

घरी गेल्यावर आपल्या मुलीची मान बघा. काळी दिसली तर रागावू नका, घासू नका. तिला घेऊन आरोग्य केंद्रात या. मी सोबत येईन.