भाव सांगण्याआधी घर पाहा



'घर पाहावे बांधून' असे जुनी माणसे म्हणत. पण आज भोसरीसारख्या ठिकाणी पुष्कळ लोक घर बांधत नाहीत. बांधलेले विकत घेतात. म्हणून आज आम्ही एवढेच सांगणार आहोत, की बांधलेले घर कसे पाहावे.

चाकणच्या बाजारात बैल घ्यायला गेलो तर आपण काय करतो? दात पाहतो. चालवून पाहतो. मगच किमतीचे बोलणे. घर तर जन्मभराचे. पण घर घेताना आपण नव्या रंगाला भुलतो आणि लगेच इसार देऊन मोकळे होतो. एकदा इसार दिला की हात अडकतो. मागून दोष सापडला, तरी भाव कमी करा म्हणायला तोंड राहत नाही.

भोसरी हे मूळचे शेतीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. इकडे कारखाने आले, त्यांच्यामागे कामगार आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. त्यामुळे इथे तीन तऱ्हेची घरे दिसतात. गावठाणातली दगडमातीची, पत्र्याच्या खोल्या, आणि स्लॅबची घरे. प्रत्येकाचे दुखणे वेगळे.

आधी बाहेर उभे राहा. घराचे जोते रस्त्यापेक्षा उंच आहे का? रस्त्यावर थरावर थर चढतात आणि जुनी घरे खाली जातात. मग पावसाचे पाणी उंबऱ्यातून आत येते.

मग भिंती पाहा. जमिनीपासून दोन हात उंचीपर्यंत नीट पाहा. पांढरी भुकटी सुटली असेल, तर भिंतीला लोणा लागला आहे. म्हणजे ओल खालून वर चढते आहे. तेवढ्याच पट्ट्याला नवा रंग दिला असेल, तर का दिला ते विचारा. गिलावा बोटाने ठोकून पाहा. मडके आपण वाजवून घेतो ना? तसेच हे. बद्द आवाज आला, तर गिलावा आतून सुटला आहे.

केसासारख्या बारीक चिरा गिलाव्याला पडतातच. त्यांना भिऊ नये. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल, तिच्यात नाणे शिरत असेल, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना ती दिसत असेल, तर सावध व्हा. पाया खचला असेल. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया कच्चा असला तर अशा भेगा पडतात.

जुन्या घरात तुळई आणि चौकट खिळ्याने टोचून पाहा. खिळा सहज आत गेला, तर वाळवीने किंवा कुजीने लाकूड पोखरले आहे. पत्र्याच्या घरात भर दुपारी दार लावून उभे राहा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथून पाणी येणार. स्लॅबच्या घरात वर पाहा. डाग आहेत का? पोपडे सुटून गंजलेली सळई दिसते का? खांबाला उभी भेग असेल, तर आतली सळई फुगली असण्याचा संभव आहे. तिथे गवंड्याच्या शब्दावर राहू नका. इंजिनियरला दाखवा.

"इमारत नवी आहे, कशाला बघायचं?" असे कोणी म्हणेल. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये महाड येथे पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसे गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती.

घरातल्या बाईमाणसाला बरोबर न्या. मोरी, ओटा आणि पाणी तिला जास्त कळते. मोरीत बादलीभर पाणी ओता आणि ते किती वेळात जाते ते पाहा. नळाला पाणी किती वेळ येते, वर चढते का, हे शेजारच्या बायकांना विचारा. आपल्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले, हे ध्यानात ठेवा.

घर दोनदा पाहावे. एकदा उन्हात, एकदा पावसात. आमच्या ओळखीच्या एका कामगाराने फंडाचे सगळे पैसे घालून चैत्रात दोन खोल्या घेतल्या. रंग ताजा होता. आषाढात भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा. पोरांची अंथरुणे रोज उचलून ठेवावी लागत. पैसे संपलेले. दुरुस्ती कशाने करणार?

घर चांगले असले तरी जागाही पाहावी. १७ मे २०२५ रोजी शेजारच्या चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा तसा आदेश होता. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते ती रेषा. म्हणून बांधकामाची परवानगी आणि पूररेषा महापालिकेत जाऊन विचारा. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे.

आता भावाचे. तुम्हाला लिहिता येऊ लागले आहे. त्याचा उपयोग करा. वहीत एका बाजूला दोष लिहा, दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचा खर्च. खर्च गवंड्याकडून काढून घ्या. बेरीज करा. मालकाने सांगितलेल्या किमतीतून ती वजा करा आणि मग आपला भाव सांगा. मालक म्हणेल, "आज इसार द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." म्हणू द्या. पाहिल्याच दिवशी भाव सांगू नये. खरे दुखणे पायाचे किंवा खांबाचे असेल, तर कितीही स्वस्त असले तरी नमस्कार करून परत यावे.

हे सारे एकदम जमणार नाही. त्याला सराव पाहिजे. तेव्हा आज घरी गेल्यावर आपलीच भिंत ठोकून पाहा, आपलीच मोरी तपासा, आणि काय दिसले ते पाच ओळींत लिहून आणा. उद्या आपण ते वर्गात वाचू.