पाहुण्यांचा मैला जातो कुठे?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलणार नाही, दप्तर तपासणीबद्दलही नाही. आजचा विषय ऐकून काही जणी नाकाला पदर लावतील. लावा, पण कान उघडे ठेवा. कारण हा विषय आपल्या धंद्याचा आहे आणि आपल्या हंड्यातल्या पाण्याचाही आहे.

शिवसागरच्या काठाला, तापोळा-बामणोली भागात, तंबूंचा धंदा आता चांगला रुजलाय. दिवाळी झाली की शनिवार-रविवारी शहरातली माणसं येतात. आपले गट त्यांना चुलीवरची भाकरी देतात, पिठलं, ठेचा, मासे देतात. काही गटांनी स्वतःचे तंबू घेतलेत. घरात दोन पैसे येतायत, पोरांची फी भरली जातेय. हे चांगलंच आहे आणि ते वाढायला पाहिजे.

पण पाहुणा आला की आपण विचारतो, जेवायला काय करू, आंघोळीला गरम पाणी किती लागेल. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. सकाळी 40 माणसं संडासला जाऊन आली, ते सगळं गेलं कुठे?

आता कॅरव्हॅनचाही जमाना येतोय. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. कॅरव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. गाडीतच पलंग, शेगडी, मोरी आणि संडास. अशी गाडी तळ्याकाठी दोन दिवस थांबली की चालक निघताना विचारणारच, "ताई, टाकी कुठे रिकामी करायची?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याजवळ पाहिजे. "तिकडे ओढ्याला सोडा" हे उत्तर नव्हे.

गाडीत काय असतं?

मोठ्या गाडीखाली दोन टाक्या असतात. एकीत मोरीचं आणि भांडी धुतल्याचं पाणी साठतं, दुसरीत संडासाचं. लहान गाडीत पेटीचा संडास असतो. खालची पेटी सरकवून बाहेर काढायची आणि संडासात ओतायची. साधारण 15-20 लिटरची असते ती.

अमेरिकेसारख्या देशात अशा गाड्यांसाठी रस्त्याकडेला आणि तंबूतळांवर ठरलेल्या जागा असतात. त्यांना डंप स्टेशन म्हणतात. त्यात अवघड काही नसतं. सिमेंटचा उतरता ओटा, मधे झाकणाचं भोक, बाजूला धुवायला नळ. भोक गटाराच्या नळाला किंवा बंद टाकीला जोडलेलं. गाडीवाला पाइप लावतो, टाकी सोडतो, ओटा धुतो आणि निघतो. तिथे नकाशात बघितलं की जवळची जागा सापडते. आपल्याकडे तशी सोय गावोगाव नाही, म्हणून आपल्यालाच ती शोधून ठेवायची आहे. आणि ती जागा नुसती गाडीवाल्यासाठी नाही. आपल्या तंबूंच्या संडासाची टाकी भरली की तो मैलाही तिथेच न्यायचा आहे.

काठावर खड्डा का नको?

तुम्ही म्हणाल, एवढं रान मोकळं पडलंय, खड्डा खणू आणि माती लोटू.

बघा, आपलं तळं वर्षभर एका जागी नसतं. हिवाळ्यापासून पाणी खाली सरकतं आणि गाळाची जमीन उघडी पडते. पाहुण्यांना पाण्याजवळच झोपायचं असतं, म्हणून तंबूही तिथेच खाली लागतात. एप्रिलमध्ये तिथे संडासाचा खड्डा खणला, तर तो कोरड्यात दिसतो. पण ऑगस्टमध्ये त्याच जागेवर पुरुष-दोन पुरुष पाणी असतं. म्हणजे आपण खड्डा जमिनीत खणलेला नसतो, तळ्यातच खणलेला असतो. फक्त चार महिने आधी.

वर माळावर खणला तरी धोका टळत नाही. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र. त्यात महाबळेश्वरच्या अंगाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खड्ड्यातली घाण झऱ्याला लागायला वेळ लागत नाही. मग जुलाब, कावीळ, विषमज्वर. आजारपण आलं की आधी मोडतो तो आपलाच रोजगार, आणि उशाशी बसायला आपणच असतो.

आणि हे पाणी फक्त आपलं नाही. कोयनेचं बरंचसं पाणी वीज करून पश्चिमेला पोफळीकडून वाशिष्ठीत उतरतं, चिपळूणच्या बाजूला. बाकीचं पाटणवरून कऱ्हाडला जातं आणि कृष्णेला मिळतं. आपण काठावर सोडलेली बादली घाटाच्या दोन्ही बाजूंना जाते. याच पाण्याखाली आपल्या आजेसासऱ्यांची शेतं आणि देवळं गेली. दुसऱ्यांच्या दिव्यासाठी एवढं देऊन झालंय. निदान ते पाणी तरी आपल्या हातून नासू नये.

जागा शोधायची कशी?

पहिलं, ग्रामपंचायत. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे 2020 नंतर, मैला गाळाची व्यवस्था हा विषय आलेला आहे. गावातल्या टाक्यांमधला गाळ कुठे न्यायचा हे जिल्ह्याच्या आराखड्यात बसवायचं असतं. जवळच्या शहरात प्रक्रिया केंद्र असेल तर गावं त्याला जोडता येतात. म्हणून ग्रामसेवकांना सरळ विचारा, "आपलं गाव कुठल्या केंद्राला जोडलंय? जोडलेलं नसेल तर पंचायत समितीकडे मागणी कधी करताय?" हा प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी विचारलेलं हवेत जातं.

दुसरं, जवळची नगरपालिका. आपल्या जिल्ह्यात उदाहरणं आहेत. वाईला 2018 मध्ये मैला गाळ प्रक्रिया केंद्र सुरू झालं, दिवसाला 70 हजार लिटर क्षमतेचं. वाई नगरपालिकेने घराघरातली टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीने उपसायची पद्धत घातली. टाकी तुंबेपर्यंत वाट बघायची नाही. साताऱ्याचं केंद्र सोनगावच्या कचरा डेपोवर आहे, 65 हजार लिटरचं. त्यात क्षमता शिल्लक होती, म्हणून जकातवाडी, सोनगाव, कोडोली आणि देगाव ही गावं त्याला जोडायचं ठरलं. म्हणजे शहराच्या केंद्रात गावाचा मैला घेता येतो. फक्त त्यासाठी ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांच्यात करार लागतो. नगरपालिकेच्या आरोग्य विभागात चार गोष्टी विचारायच्या: गावाकडचा मैला घेता का, कुठल्या दिवशी आणि किती वाजता, शुल्क किती, आणि कॅरव्हॅन थेट आली तर तिची टाकी रिकामी करू देता का.

तिसरं, मैला उपसणारी गाडी. गाडीवाल्याला दर विचारण्याआधी विचारा, "तुम्ही नेऊन ओतता कुठे?" तो गप्प बसला किंवा "ते आमचं आम्ही बघतो" म्हणाला, तर ओळखा की घाटात कुठेतरी नाहीतर कुणाच्या तरी शेतात जाणार. मग आपला मैला आपल्या दारातून दुसऱ्या बाईच्या दारात गेला एवढंच. केंद्रात रिकामी केल्याची पावती दाखवली तरच पैसे द्यायचे, असं आधी ठरवा. गाडीचा पाइप किती लांब आहे तेही विचारा. काठावरच्या चढ-उताराच्या वाटेने गाडी टाकीपर्यंत पोचत नाही, हे उपशाच्या दिवशी कळून उपयोग नाही.

चौथं, पाहुण्याला आधी सांगा. बुकिंगचा फोन आला की जेवणाचा दर सांगतो, तसंच हेही सांगायचं: "गाडीची टाकी रिकामी करूनच या. इथे ती उघड्यावर सोडता येणार नाही. परत जाताना अमुक ठिकाणी सोय आहे." चांगला पाहुणा याने नाराज होत नाही. उलट ही जागा नीट आहे हे त्याला कळतं.

गावात काय करून ठेवायचं?

तंबूंचा संडास काठापासून दूर ठेवा, पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं त्याच्याही वर. विहीर, झरा, हातपंप यांच्यापासून किमान 15 मीटर, म्हणजे 50 फूट अंतर, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला तर नकोच. आपल्याकडच्या जांभ्यात अंतर जितकं जास्त तितकं बरं.

दोन खड्ड्यांचा संडास घराला उत्तम. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्याचं खत होऊ द्यायचं. पण तो पाच-सहा माणसांच्या घरासाठी आहे, 40 माणसांच्या जत्रेसाठी नाही. साधा हिशेब करा. 40 माणसं, दिवसातून पाच वेळा, दर वेळी 6 लिटर पाणी धरलं तर एका दिवसात 1,200 लिटर होतात. म्हणून तंबूतळाला मोजमाप करून बांधलेली सेप्टिक टाकी हवी आणि तिच्या पुढे शोषखड्डा हवा. टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला पातळ असलं तरी घाणच असतं. ते ओढ्याला जोडू नका. मोरीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं काढून परसबागेला द्या.

पेटीच्या संडासात काही जण वास मारायला औषध घालतात. त्यातली काही औषधं टाकीतले जिवाणू मारतात. जिवाणू मेले की मैला कुजत नाही आणि टाकी लवकर तुंबते. म्हणून पेटी ओतू देण्याआधी विचारा, आत काय घातलंय.

टाकीत माणूस उतरवायचा नाही

हे मी दोनदा सांगणार आहे. टाकीत माणूस उतरवायचा नाही. टाकीतला वायू दिसत नाही. आत गेलेला माणूस क्षणात कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाकडून टाकी साफ करून घेणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवा. पाचशे रुपयांसाठी कुणाचा तरी मुलगा आत जातो, त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं. उपसा गाडीनेच करायचा. टाकीत माणूस उतरवायचा नाही.

पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न तुमच्या मनात मघापासून असणार. उदाहरण धरू. समजा गाडीच्या एका खेपेला 4,000 रुपये लागले आणि तेवढ्यात 200 पाहुणे होऊन गेले. माणशी 20 रुपये झाले. एका चहा-भज्यांचे पैसे. ते बिलात वेगळे लिहा, "स्वच्छता शुल्क" म्हणून. लपवायचं काही नाही. आणि ती रक्कम गटाच्या खात्यात वेगळी ठेवा, नाहीतर सणावाराला खर्च होते आणि टाकी भरते तेव्हा पेटी रिकामी असते. एकट्या गटाला गाडी बोलावणं महाग पडतं. काठावरच्या तीन-चार गावांच्या ग्रामसंघांनी मिळून एकाच दिवशी बोलावली तर गाडीवाल्याशी दर बोलता येतो.

कुणी म्हणेल, शेजारचा मोठा तंबूवाला तर सरळ तळ्यात सोडतो, त्याला कुणी विचारत नाही. विचारायला पाहिजे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याने ओढ्यात, नदीत किंवा विहिरीत अशी घाण सोडायला मनाई आहे. पण त्याला विचारायला जायचं तर आधी आपलं अंगण साफ पाहिजे.

पुढच्या सभेपर्यंत

प्रत्येक ग्रामसंघाने तीन कामं करून यायचं आहे. गावातल्या तंबूतळांचे संडास मोजायचे आणि प्रत्येकाचा मैला कुठे जातो ते वहीत लिहायचं. ग्रामसेवकांकडून जोडलेल्या केंद्राचं उत्तर लेखी घ्यायचं. आणि निदान दोन गाडीवाल्यांना दर आणि ओतायची जागा विचारायची. सगळ्यांच्या वह्या इथे एकत्र मांडू. मग सगळ्या गावांसाठी एकच पाटी करू: जवळचं केंद्र कुठे, किती किलोमीटर, कुठल्या वेळी.

काम घाणीचं आहे, पण लाजेचं नाही. घरातली मोरी आपण रोज घासतोच. हे तळंही आपल्याच घरातलं आहे.