शेजारचे काका आणि माझा संशय

(अहिल्यानगर येथील युवा शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, घर इथलं, नगरचं. (कागदावर नाव बदललं, जिभेला वेळ लागतोय.) 'संशयी मन' या विषयावर बोलशील का, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा हो म्हणालो, कारण एक अख्खं वर्ष मी तसा जगलो आहे.

मार्च २०२०. लॉकडाऊनच्या दोन दिवस आधी मी घरी आलो. मग निजामुद्दीन मरकजच्या बातम्या सुरू झाल्या. आपल्याच जिल्ह्यात मशिदींत उतरलेल्या परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले. भाजीवाल्यांना नाव विचारून हाकलल्याचे व्हिडिओ रोज मोबाइलवर येत होते.

आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. दिवाळीचा फराळ तिकडून, ईदचा शीरखुर्मा इकडून, हे माझ्या जन्माआधीपासूनचं. त्या एप्रिलमध्ये मी गॅलरीत आलो की काका खिडकी लावून घ्यायचे. एकदा आमच्या घराकडे बघत फोनवर बोलताना दिसले. दोनच दिवसांनी महापालिकेचे लोक दारात उभे: बाहेरगावाहून कोण आलंय? माझं गणित तिथेच सुटलं. काकांनी तक्रार केली.

मग सगळंच त्या गणितात बसू लागलं. खिडकी बंद म्हणजे तिरस्कार, खिडकी उघडी म्हणजे पाळत. मी दारावर कॅमेरा बसवला. बहिणीला त्यांच्याशी बोलू नको म्हणून सांगितलं. २५ मेच्या ईदला शीरखुर्मा पाठवू दिला नाही. अम्मी दोनदा म्हणाली, "डबा भरून ठेवलाय रे." मी ऐकलं नाही.

जुलैत काकू वारल्या. बहिणीला मागाहून कळलं की त्यांची केमोथेरपी सुरू होती आणि डॉक्टरांनी संसर्गाची फार भीती घातली होती. काका सगळ्यांनाच खिडकी लावत होते, फक्त बाकीची घरं मी पाहत नव्हतो. आणि महापालिकेचे लोक? आशाताई सर्व्हेला आल्या तेव्हा 'मुलगा पुण्याहून आलाय' हे अम्मीनेच सांगितलं होतं. काकूंना नेलं तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. खाली उतरलो नाही.

पुढच्याच महिन्यात, २१ ऑगस्ट २०२० रोजी, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपल्या जिल्ह्यातले ते गुन्हे रद्द केले. २९ परदेशी नागरिकांवरचे आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवरचेही. या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं असावं आणि माध्यमांनी अपप्रचार चालवला, असं निकालात म्हटलं होतं. वाचून माझ्या मनात पहिला विचार आला, 'बघा, मी बरोबर होतो.'

या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. निकालाने हवा विषारी होती हे सांगितलं. काकांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. समाजात आपल्याबद्दल पूर्वग्रह आहे, ही गोष्ट खरी. म्हणून समोरचा हा एक माणूस तसाच आहे, ही गोष्ट वेगळी, आणि तिला वेगळा पुरावा लागतो. या दोन गोष्टी मी एक करून टाकल्या होत्या.

डॅनियल फ्रीमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लंडनमधल्या दोनशे सामान्य माणसांना आभासी भुयारी रेल्वेत बसवलं. डब्यातली माणसं संगणकाने बनवलेली होती आणि त्यांचं वागणं मुद्दाम तटस्थ ठेवलेलं होतं. तरीही सुमारे चाळीस टक्के लोकांना निदान एकदा तरी वाटलं की कुणीतरी आपल्यावर राग धरून आहे. ज्यांना काळजीची सवय होती, ज्यांना एकाच घटनेचं दुसरं कारण सुचत नव्हतं, त्यांना हे जास्त वाटलं. आणखी एक साधी चाचणी आहे. दोन बरण्या: एकीत ८५ लाल मणी आणि १५ निळे, दुसरीत उलट. एकेक मणी काढून दाखवतात, बरणी कोणती ते ओळखायचं. हवे तेवढे मणी मागता येतात, पण ज्यांचा संशय भ्रमापर्यंत गेलेला असतो, त्यांच्यातले बरेच जण एक-दोन मण्यांतच उत्तर देऊन मोकळे होतात. माझे मणी मोजा: एक खिडकी, एक फोन.

झोपेचंही सांगतो, कारण आयटीतल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. माझा क्लायंट अमेरिकेतला. काम मध्यरात्री संपायचं, मग तीनपर्यंत व्हिडिओ. २०१७ साली ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या साडेतीन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. ज्यांच्या निद्रानाशावर उपचार केले, त्यांचा संशयही कमी झाला. शिवाय एकटेपणा. लंडनमध्येच २००१ साली दिसून आलं की अल्पसंख्याकांची वस्ती जिथे विरळ, तिथे त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त. याचा अर्थ मोहल्ला सोडू नका असा मुळीच नाही. पण शिकायला, नोकरीला पुण्या-बंगळुरूत एकटे जाल, तेव्हा बोलायला चार माणसं धरून ठेवा, आणि त्यात एक तरी 'आपल्यातला' नसलेला असू द्या.

मी आता एक वही ठेवतो. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'वाटलं'. पुण्यात एका एजंटने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "सोसायटीत मुस्लिमांना देत नाहीत." हे डावीकडे जातं. त्यावर भांडायचं, लेखी मागायचं, तक्रार करायची. मीटिंगमध्ये मी शिरलो आणि दोघे गप्प झाले, एवढंच असेल तर डावीकडे 'गप्प झाले' इतकंच लिहायचं. मग दुसऱ्या दिवशी जाऊन विचारायचं. एकदा विचारलं तर कळलं, त्यातला एक राजीनामा देणार होता.

वहीने भागत नाही अशी वेळही येते. आवाज ऐकू येणं, अन्नात काही कालवलंय असं वाटणं, घराबाहेर पाऊल न टाकणं. तिथे दुआ हवीच असेल तर करा, पण डॉक्टरकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

काकांकडे मी चार महिन्यांनी गेलो. माफी कशी मागायची हे ठरवून गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, पाहिलं, म्हणाले, "अम्मीची तब्येत कशी आहे?" आणि मला ते ठरवलेलं काहीच बोलता आलं नाही. कॅमेरा मी त्याच संध्याकाळी काढला. शीरखुर्मा पुढच्या ईदला गेला, पण तो आवडीने खाणाऱ्या काकूच होत्या.