घर मांडले तर पेन्शन जाईल का?



संध्याकाळी बदलापूरची लोकल उल्हासनगरला येते, तेव्हा बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत जीन्स शिवून घरी परतणाऱ्या कितीतरी बायका असतात. बोटांच्या टोकांना कापडाचा निळा रंग लागलेला, हातात डब्याची पिशवी आणि मनात घरचा हिशेब.

समजा, यांतलीच एक बाई बदलापूरच्या चाळीत राहते. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात होता. कामावर असतानाच अपघात झाला आणि तो गेला. पदरात दोन लहान मुले. बाईने हातपाय गाळले नाहीत, शिलाई शिकली, कामाला लागली. चार वर्षांनी ओळखीतल्या एका सज्जन माणसाने विचारले, “आपण घर मांडू या का?” बाईच्या मनात होते. पण शेजारीण म्हणाली, “अगं, लग्न केलंस तर पेन्शन बंद होईल हं. मुलांच्या तोंडचा घास जाईल.” आणि बाई गप्प बसली.

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आज तसा बहिष्कार क्वचितच पडतो. पण लोकलाजेची जागा आता पैशाच्या भीतीने घेतली आहे. ही भीती कितपत खरी आहे, तेवढेच आज आपण पाहू.

आपल्या हाती येणारा प्रत्येक रुपया तीनपैकी एका कारणाने येतो. एक, माझ्या स्वतःच्या श्रमाचा. दुसरा, गेलेल्या माणसाच्या श्रमाचा. तिसरा, घरात कमाई पुरेशी नाही म्हणून सरकारने दिलेला. या तिन्हींचे नियम निराळे आहेत. गोंधळ होतो तो तिन्ही एकाच पिशवीत घातल्यामुळे.

पहिला रुपया सोपा. बाईचे नाव कारखान्यात ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, नोंदलेले असेल आणि तिचा पी.एफ. कापला जात असेल, तर तो हक्क तिच्या घामाचा. आजारपणाचा भत्ता, औषधपाणी, बाळंतपणाची रजा हे सारे तिचे. ती कोणाबरोबर राहते, हे तिथे कोणी विचारत नाही. लग्नाने यातले काहीही जात नाही. अडचण एवढीच की, तुकड्यावर काम करणाऱ्या पुष्कळ बायकांचे नाव कुठेच नोंदलेले नसते. तेव्हा लग्नाची चिंता करण्याआधी नावाची चौकशी करावी.

दुसरा रुपया नवऱ्याच्या पश्चात येणारा. इथे शेजारणीचे म्हणणे अर्धे खरे आहे. पुनर्विवाह झाला की विधवेचा हिस्सा थांबतो. पण मुलांचे काय होते, ते ऐका.

कामावरच्या अपघातात कामगार गेला, तर कामगार विम्याच्या १९४८ च्या कायद्याने वाटणी अशी ठरवली होती: पूर्ण दराचे तीन पंचमांश विधवेला आणि दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, बेरीज पूर्ण दराच्या वर गेली, तर सर्वांचे त्या प्रमाणात कमी करायचे. समजा, पूर्ण दर रोजचा ४५० रुपये आहे. विधवा आणि दोन मुले मिळून तेवढेच घेतात. तिने लग्न केले, तर तिचा हिस्सा थांबतो, परंतु दोन्ही मुलांना त्यांचे पुरे दोन पंचमांश, म्हणजे प्रत्येकी १८० रुपये मिळतात. घरात ३६० येतात. साडेचारशेतले नव्वद गेले; सगळे काही गेले नाही!

पी.एफ.बरोबरच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत तर आणखी नवल आहे. विधवेला शंभर रुपये मिळत असतील, तर दोन मुलांना प्रत्येकी २५ मिळतात, एकूण दीडशे. विधवेची पेन्शन बंद झाली की मुलांना अनाथाच्या दराने प्रत्येकी ७५ मिळतात. म्हणजे पुन्हा दीडशेच! मुलांची पेन्शन वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चालते. मात्र हा बदल मुलांच्या नावाने मागावा लागतो, तो आपोआप होईल म्हणून बसून राहू नये. नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा चालू दर त्या त्या कार्यालयात विचारून घ्यावेत.

सरकारी नोकराच्या विधवेचा नियम याहून उदार आहे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीसारख्या ठिकाणी केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन नियमांत असलेल्या कामगाराची विधवा निपुत्रिक असेल, तर पुनर्विवाहानंतरही तिचे कुटुंबवेतन चालू राहू शकते. अट एवढीच की, तिचे स्वतःचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत हवे. जे एका विधवेला मिळते, ते कारखान्यातल्या दुसरीला का मिळू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता तिसरा रुपया, सरकारी मदतीचा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये ठेवलेली आहे. महिन्याला भागले, तर १,७५० रुपये होतात! शिलाईचे नियमित काम करणारी कोणतीही बाई यापुढे जाते. म्हणजे ही मदत लग्नाने जाण्याआधी कामानेच जाते. उलट, जुलै २०२४ मध्ये दरमहा १,५०० रुपयांनी सुरू झालेली ‘लाडकी बहीण’ योजना विधवेला आहे, तशी विवाहितेलाही आहे. तिथे कुंकवाचा प्रश्न नाही. प्रश्न कुटुंबाच्या अडीच लाखांच्या वार्षिक उत्पन्नाचा आहे. लग्न केले की नव्या नवऱ्याची कमाई त्यात धरली जाते. तेव्हा दोघांच्या पगाराची बेरीज आधी मांडून पाहावी.

कोणी म्हणेल, लग्न न लावता नुसते एकत्र राहिलो तर? नियमात शब्द ‘पुनर्विवाह’ असा आहे, हे खरे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या संबंधात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिले आहे. पण उद्या त्या माणसाचे बरेवाईट झाले, तर त्याच्या पेन्शनीवर आणि घरावर हक्क सांगताना तिच्या हाती कागद नसतो. आज वाचवलेल्या रुपयापायी उद्याचे छप्पर जायचे. आणि लग्न करून ते लपवणे तर मुळीच नको. पुढे कळले की घेतलेले पैसे परत करण्याची पाळी येते, आणि ती वेळ नेमकी अडचणीची असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात नि वस्तीत अर्ज वाचून दाखवणारे आपणच असता. अशी एखादी बाई आली, तर तिला “कर” किंवा “नको” असे सांगू नका. पाटीवर तीन रकाने आखा: माझ्या श्रमाचा, त्याच्या श्रमाचा, सरकारी मदतीचा. प्रत्येक रकमेपुढे लग्नाआधीचा आकडा आणि लग्नानंतरचा आकडा मांडा. मुलांच्या जन्माचे दाखले आणि बँकेची पुस्तके तिला तयार ठेवायला सांगा.

आपल्या बदलापूरच्या बाईने असा हिशेब मांडला, तर तिला दिसेल की मुलांच्या तोंडचा घास जात नाही. त्यातला थोडा कमी होतो, आणि घरात कमावणारे दोन हात वाढतात. मग लग्न करायचे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. पण निदान तो निर्णय शेजारणीच्या भीतीवर नको, तिच्या स्वतःच्या हिशेबावर व्हावा.