शिपाई, फौजदार, गृहमंत्री : सुशीलकुमार शिंदे यांच्या प्रवासातून आपण काय घ्यायचे?

(चांदवड येथील युवक मेळाव्यातील भाषण)



‘पोलीस आणि आपण’ असा विषय निघाला की आपल्या घरांत पहिली येते ती भीती. ही भीती उगाच आलेली नाही. इथून मुंबई-आग्रा रस्त्याने पुढे गेलो की मालेगाव लागते. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथे बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मरण पावलेले बहुतेक मुसलमान, आणि अटक झालेले नऊ जणही मुसलमान. त्यांना जामीन मिळाला नोव्हेंबर २०११ मध्ये. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक जण हयात नव्हता.

या भीतीचे करायचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी मी आज एका माजी फौजदाराबद्दल बोलणार आहे.

सुशीलकुमार शिंदे यांचा जन्म ४ सप्टेंबर १९४१ चा, सोलापूरचा. दलित समाजातले गरीब घर. सोलापूरच्या न्यायालयात त्यांनी शिपायाची नोकरी केली, नोकरी करत शिकले आणि पुढे पोलीस उपनिरीक्षक झाले. १९७१ च्या सुमारास खाकी उतरवून ते राजकारणात आले. १९७४ मध्ये करमाळ्यातून आमदार झाले. अर्थमंत्री झाले. २००३ मध्ये महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले, नंतर आंध्र प्रदेशचे राज्यपाल, आणि ३१ जुलै २०१२ रोजी देशाचे गृहमंत्री. ज्या खात्यात फौजदार होते, तशाच खात्याचे देशातले सर्वोच्च पद त्यांच्याकडे आले. हारही त्यांनी पाहिली : २००२ ची उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक, २०१४ आणि २०१९ ची सोलापूरची लोकसभा.

मला त्यांच्या कारकिर्दीतली एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये गृहमंत्री म्हणून त्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. दहशतवादाच्या नावाखाली निरपराध अल्पसंख्याक तरुण विनाकारण अडकवले जाऊ नयेत. चुकीची अटक झाली असेल तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी. माणसाला तातडीने सोडावे, भरपाई द्यावी, त्याचे पुनर्वसन करावे, असे त्यात होते.

विरोधकांनी विचारले, फक्त अल्पसंख्याकच का? मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही. निरपराध माणूस कोणत्याही धर्माचा असो, आदिवासी असो, पारधी असो, त्याला हाच न्याय हवा. आपली मागणी नेहमी अशीच असली पाहिजे. सगळ्यांसाठी मागितलेला न्याय आपल्यालाही मिळतो आणि टिकतो.

पण त्या पत्राची खरी मर्यादा वेगळीच होती. राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्यांचा विषय. दिल्लीचा मंत्री विनंती करू शकतो. अटकेचा पंचनामा लिहितो तो तालुक्याचा पोलीस. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे वरून कितीही चांगला नियम लिहिला तरी शेवटच्या टप्प्यावर तो चालला नाही, तर ग्राहकाच्या दृष्टीने तो नियमच नसतो. पोलीस खात्यात तो शेवटचा टप्पा म्हणजे ठाणे अंमलदाराचे टेबल आणि स्टेशन डायरी.

त्या टेबलामागे आपण किती आहोत? २००६ च्या सच्चर अहवालानुसार लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के होते. आयपीएसमध्ये ४ टक्के, पोलीस शिपायांत ६ टक्के. याला भेदभाव जबाबदार आहे, हे मी मान्य करतो. पण माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गातल्या मुस्लिम मुलांनी पुणे, बंगळुरू, दुबई असे सगळे पर्याय चर्चिले. पोलीस भरतीचे नाव कोणाच्या तोंडी आले नाही. अर्जच भरला नाही तर नाकारले गेलो, असे तरी कसे म्हणणार?

कोणी म्हणेल, आपला एखादा माणूस आत गेला म्हणून काय होते? बरोबर आहे. खाकी घातली की माणूस आपोआप न्यायी होत नाही, आणि मुस्लिम फौजदाराने मुसलमानांची बाजू घ्यावी, असे मी म्हणत नाही. त्याने कायद्याची बाजू घ्यावी. पण ज्या ठाण्यात वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसे एकत्र काम करतात, तिथे एखाद्या मोहल्ल्याबद्दल काहीही खपवणे अवघड होते.

म्हणून तीन कामे सांगतो. बारावी झालेल्या मुलामुलींनी पोलीस शिपाई भरतीचा अर्ज भरा. पदवीधरांनी एमपीएससीतून उपनिरीक्षकपदाचा. मैदानावर पहाटे सराव सुरू करा, मुलींनाही सोबत घ्या. दुसरे, एकविसाव्या वर्षी नगर परिषदेची निवडणूक लढवता येते. ती फक्त आपल्या गल्लीच्या नावावर लढवू नका, गटार आणि पाणी सगळ्यांचेच असते. तिसरे, कायदा पाठ करा. अटकेचे कारण सांगावे लागते, नातेवाइकांना कळवावे लागते, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. घरातल्या आई-बहिणींनाही हे माहीत हवे, कारण रात्री दार वाजले की ते बहुधा त्याच उघडतात.

शिंदे साहेबांचे सगळे राजकारण तुम्हाला पटावे, असा माझा आग्रह नाही. पण कोर्टाच्या दारात उभा असलेला एक शिपाई देशाच्या गृहखात्यापर्यंत पोहोचला, तो एकेक पायरी चढत. आपल्यालाही पहिली पायरी चढायला कोणाच्या पत्राची गरज नाही. अर्ज भरा.

जय संविधान.